माझ्या नकळत चाललेला आजार

बहुतेक आजारांत काय होते आहे हे रोग्याला सगळ्यांच्या आधी कळते. कुठे दुखते, ताप कधी चढतो, किती पायऱ्यांनंतर धाप लागते, हे तोच डॉक्टरांना सांगतो. झोपेत वारंवार श्वास अडण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, या बाबतीत उफराटा आहे. तो चालू असतो तेव्हा रोगी झोपलेला असतो, आणि रोगी जागा झाला की तो थांबलेला असतो. त्यामुळे डॉक्टरांसमोर बसून मी जे सांगत होते ते सारे त्याचे सकाळी उरलेले अवशेष होते. खुद्द आजाराबद्दल सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते.

हे अवशेषही असे होते की त्यांना दुसरे कारण सहज चिकटावे. सकाळी उठताना कपाळ जड असे आणि तासाभरात ते दुखणे आपोआप ओसरे. रात्री लघवीसाठी उठावे लागे. दुपारी वाचलेले संध्याकाळी आठवत नसे, चिडचिड वाढली होती, आणि आठ तास अंथरुणात घालवूनही अंग आंबलेले राही. वय पन्नाशीपुढचे, पाळी बंद झालेली. त्यामुळे ज्याने त्याने हे सारे रजोनिवृत्तीच्या खात्यावर टाकले. थायरॉइड तपासून झाले, हिमोग्लोबिन पाहिले, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व पाहिले. रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि पुढे तिची मात्रा वाढली. घोरण्याबद्दल मला कोणी विचारले नाही, कारण बेताच्या वजनाची बाई घोरत असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आणि मी घोरते हे मला ठाऊकच नव्हते. माझ्या पतींची झोप इतकी गाढ आहे की साक्षीदार म्हणून त्यांचा काहीही उपयोग नव्हता.

साक्ष दिली ती मुलीने. ती काही दिवस माझ्याच खोलीत झोपत होती, आणि एका सकाळी तिने विचारले, "आई, तू झोपेत मध्येच श्वास घ्यायची थांबतेस, हे तुला कोणी सांगितलंय का?" मी ते हसण्यावारी नेले, तेव्हा तिने पुढच्या रात्री मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून मला ऐकवले. आधी एका लयीतले घोरणे, मग एकदम शांतता. ती इतकी लांबते की ऐकणाऱ्यालाच कासावीस व्हावे. मग घुसमटून सुटल्यासारखा एक मोठा आवाज, कूस बदलल्याची सळसळ, आणि पुन्हा घोरणे. बायकांच्या घोरण्याला आपल्याकडे चेष्टेचा आणि लाजेचा विषय केले गेले आहे, म्हणून पहिली प्रतिक्रिया ओशाळण्याची झाली हे खरे. पण त्या शांततेकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते.

हा आजार पुरुषांमध्ये अधिक आढळतो, पण रजोनिवृत्तीनंतर बायकांमधले त्याचे प्रमाण बरेच वाढते. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक श्वसनाला चालना देते, आणि ते कमी झाले की तो आधार जातो. शिवाय बायकांच्या तक्रारी पुस्तकातल्या नमुन्यासारख्या नसतात. दिवसा भर बैठकीत पेंगणारा, जाड मानेचा, घोरणारा पुरुष हा डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरचा नमुना; बायका मात्र थकवा, अपुरी झोप, डोकेदुखी, उदासी अशा शब्दांत बोलतात. या नमुन्याची छाप प्रश्नावल्यांवरही आहे. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली एपवर्थ श्रेणी जगभर वापरली जाते. वाचताना, दूरदर्शन पाहताना, गाडीत बसलेले असताना अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण २४ पैकी १० पेक्षा जास्त आले तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असे समजतात. माझे ८ भरले. मी थकलेली असे, पण मला पेंग येत नसे, आणि ती श्रेणी पेंग मोजते. स्टॉप-बँग नावाच्या दुसऱ्या प्रश्नावलीत पुरुष असण्याला एक गुण, मानेच्या मोठ्या घेराला एक गुण आणि लठ्ठपणाला एक गुण असतो. तिथेही मी मागेच पडले. कागदावर मी जवळजवळ निरोगी होते. माझ्या डॉक्टरांनी ध्वनिमुद्रण ऐकले, वाढता रक्तदाब पाहिला, तोंड उघडायला लावून घसा आणि खालचा जबडा पाहिला, आणि प्रश्नावल्या बाजूला ठेवून झोपेची चाचणी लिहून दिली. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

घशात नेमके काय होते हे समजल्याशिवाय पुढचे काही समजत नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगते. नाकात हाडांचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार आहे. पण या दोहोंच्या मधला, मऊ टाळूपासून जिभेच्या मुळाच्या मागून खाली जाणारा भाग केवळ स्नायूंच्या ताणावर उघडा राहतो. झोपेत हे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते, आणि श्वास आत ओढताना निर्माण होणाऱ्या पोकळीमुळे भिंती एकमेकींकडे ओढल्या जातात. जबडा लहान किंवा मागे असला, टॉन्सिल मोठे असले किंवा मानेभोवती चरबी असली, तर मुळातच जागा कमी असते. माझ्या बाबतीत जबडा कारणीभूत आहे. वाट अरुंद झाली की घोरणे सुरू होते, आणि पूर्ण बंद झाली की श्वास थांबतो. छाती आणि पोट धडपडत राहतात, पण हवा जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, आणि शेवटी मेंदू काही सेकंदांसाठी जागा होऊन स्नायूंना ताण देतो. ही जाग इतकी छोटी असते की सकाळी तिची आठवण उरत नाही. स्वप्नांच्या झोपेत श्वासपटल आणि डोळ्यांचे स्नायू सोडले तर शरीरातले बहुतेक स्नायू लुळे पडतात, म्हणून पुष्कळांचा आजार त्या वेळी आणि उताणे झोपल्यावर सर्वांत तीव्र असतो.

रात्री लघवीला उठण्याचे कारण मला यातच सापडले, आणि ते मला सर्वांत चकित करणारे वाटले. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब खाली जातो, हृदयाकडे अधिक रक्त ओढले जाते, आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. शरीरात पाणी जास्त झाले आहे असा त्यांचा समज होतो आणि ते लघवी वाढवणारे संप्रेरक सोडतात. मूत्राशयात काहीही बिघाड नसताना मी त्याचा दोष मानून संध्याकाळनंतर पाणी पिणे कमी केले होते.

चाचणी दोन प्रकारे होते. घरी करायच्या चाचणीत छातीला पट्टा, नाकात बारीक नळी आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा एवढेच असते. ज्यांच्यात लक्षणे ठळक आहेत त्यांना ती पुरते. पण तिच्यात मेंदूच्या लहरी नोंदल्या जात नसल्यामुळे माणूस झोपला आहे की नुसता पडला आहे हे तिला कळत नाही. अडलेल्या श्वासांची संख्या ती नोंदीच्या एकूण वेळेने भागते; जागेपणी तळमळत घालवलेले दोन तासही त्या भागाकारात येतात आणि आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. ज्या वेळी ऑक्सिजन फारसा न उतरता केवळ झोपमोड होते ते प्रसंगही तिच्या हातून निसटतात. माझी झोप तुटक असल्यामुळे मला प्रयोगशाळेत रात्र काढायला सांगितले.

खोली साधी होती: एक पलंग, छताच्या कोपऱ्यात अंधारात पाहणारा कॅमेरा, उशाशी तारा जोडायची पेटी. टेक्निशियन माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने टेपने माझे डोके पुढून मागे आणि कानापासून कानापर्यंत मोजले आणि रंगीत पेन्सिलीने खुणा केल्या; जगात कुठेही हे केले तरी मेंदूच्या लहरी त्याच जागांवरून घेतल्या जाव्यात म्हणून हे अंतर दहा आणि वीस टक्क्यांच्या हिशेबाने ठरते. प्रत्येक खुणेवर केस बाजूला करून तिने खरखरीत पेस्टने कातडी घासली, मग चिकट पेस्टमध्ये बुडवलेली छोटी चकती बसवून वर गॉझचा तुकडा दाबला. डोळ्यांच्या कडांना, हनुवटीखाली, छातीवर आणि दोन्ही पिंडऱ्यांवर आणखी चकत्या आल्या. छातीला आणि पोटाला एकेक पट्टा आला, नाकपुड्यांपुढे हवेचा दाब आणि तापमान टिपणाऱ्या दोन वेगळ्या नळ्या आल्या, गळ्यावर घोरण्याचा कंप टिपणारी चकती आली, बोटाला चिमटा लागला. डोक्यावरच्या सगळ्या तारा तिने मागे वेणीसारख्या एकत्र बांधल्या आणि म्हणाली, "काकू, रात्री उठावंसं वाटलं तर नुसती हाक मारा. ही पेटी काढून तुमच्या गळ्यात अडकवते, बाकी काही सोडावं लागत नाही."

मग ती शेजारच्या खोलीत गेली आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना देऊ लागली. डोके न हलवता उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, डोळ्यांची उघडझाप करा, दात आवळा, डावा पाय हलवा, उजवा हलवा, घोरल्यासारखा आवाज काढा, दहा सेकंद श्वास धरा. प्रत्येक तार योग्य ते टिपते आहे ना याची ही खातरजमा असते. आयुष्यभर जे करते हे ठाऊक नव्हते ते हुकमावरून करून दाखवताना मला हसू आले, आणि त्या हसण्याने पडद्यावरच्या रेषा बिघडल्यामुळे तिने ते पुन्हा करायला लावले.

अशा जामानिम्यात झोप कशी लागणार, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. झोप लागते. ती उशिरा लागते, उथळ असते, स्वप्नांची झोप नेहमीपेक्षा कमी मिळते. अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्रीचा हा परिणाम इतका परिचित आहे की अहवाल वाचणारे तो गृहीत धरतात. निदानाला आदर्श रात्र लागत नाही, काही तासांची झोप पुरते. मध्यरात्रीनंतर कधीतरी तो आवाज पुन्हा आला, "काकू, जरा उताण्या झोपाल का?" मी बहुतेक वेळ कुशीवर होते, आणि उताण्या झोपेची नोंद नसती तर अहवाल अर्धवट राहिला असता.

अहवालात एएचआय हा आकडा सर्वांत वर होता: ३४. झोपेच्या दर तासाला श्वास पूर्ण थांबण्याचे आणि अपुरा होण्याचे मिळून जितके प्रसंग येतात तो हा आकडा. ५ पेक्षा कमी असल्यास सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा त्यापुढे तीव्र. थांबणे म्हणजे किमान १० सेकंद हवेचा प्रवाह जवळजवळ बंद. माझ्या नोंदीतले सर्वांत लांब थांबणे ४१ सेकंदांचे होते. ऑक्सिजनची पातळी सर्वांत खाली ७९ टक्क्यांवर गेली होती. स्वप्नांच्या झोपेतला एएचआय ५८ होता, आणि कुशीवरचा आकडा उताण्या झोपेतल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. हे वाचताना मला भीती वाटली नाही, उलट विलक्षण सुटका झाल्यासारखे वाटले. आळस, वय, मनाचा कमकुवतपणा असे जे जे स्वतःला चिकटवले होते त्याऐवजी आता कागदावर एक संख्या होती.

पण या संख्येकडे डोळसपणे पाहावे लागते. रात्रीची नोंद तीस-तीस सेकंदांच्या पानांत वाचली जाते, म्हणजे सहा तासांची ७२० पाने. आणि प्रत्येक प्रसंग मोजायचा की नाही हे नियमाने ठरते. प्रवाह किमान ३० टक्क्यांनी घटला आणि त्यासोबत ऑक्सिजन ३ टक्के उतरला किंवा झोप चाळवली तर तो अपुरा श्वास, असा एक नियम आहे. दुसरा नियम ४ टक्के उतरण्याचा आग्रह धरतो आणि झोप चाळवण्याला मोजतच नाही. एकाच रात्रीच्या एकाच नोंदीचे या दोन नियमांनी वेगवेगळे आकडे येतात. ज्यांचा ऑक्सिजन फारसा उतरत नाही पण झोप सारखी तुटते, आणि यात बायका पुष्कळ असतात, त्यांचे निदान दुसऱ्या नियमात सहज हुकते. अहवाल हातात आला की कोणत्या नियमाने मोजले हे विचारावे, असे मला वाटते.

उपचार म्हणून सीपॅप सुचवला गेला. हे यंत्र ऑक्सिजन देते असा सार्वत्रिक गैरसमज आहे. ते खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबाने, मास्कमधून नाकात सोडते. हा दाब घशाच्या भिंतींना आतून टेकू देतो आणि वाट मिटू देत नाही. तो पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि यंत्रांमध्ये साधारणपणे ४ ते २० पर्यंत ठेवता येतो. १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अवघा एक टक्का. कल्पना सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांची. १९८१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, तोवर तीव्र आजारावरचा खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे हाच होता. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी वापरल्या होत्या.

दाब ठरवण्यासाठी आणखी एक रात्र प्रयोगशाळेत काढावी लागली. तुम्ही झोपलेले असताना टेक्निशियन शेजारच्या खोलीतून दाब थोडा थोडा वाढवते. आधी पूर्ण थांबणे जाते, मग अपुरे श्वास जातात, मग घोरणे जाते, आणि सर्वांत शेवटी प्रवाहाच्या आलेखाचा चपटेपणा जाऊन तो गोल होतो. त्या रात्री मला स्वप्नांवर स्वप्ने पडली. दीर्घकाळ हुकलेली स्वप्नांची झोप शरीर अशा वेळी भरून काढते. सकाळी डोके दुखत नव्हते, आणि ते न दुखणे इतके अपरिचित होते की काय वेगळे आहे हे समजायला मला थोडा वेळ लागला.

घरी मात्र हा अनुभव लगेच पुन्हा आला नाही, आणि याबद्दल आधी कोणीतरी सांगायला हवे होते. प्रयोगशाळेत मास्क सरकला की कोणीतरी येऊन बसवत होते. घरी मीच ती टेक्निशियन होते आणि तीही झोपेत. यंत्र देणाऱ्याने मला खुर्चीत बसवून, यंत्र बंद असताना, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क चेहऱ्यावर ठेवून पाहिला आणि "होईल सवय" म्हणून निरोप दिला. माझ्या सुरुवातीच्या बहुतेक अडचणींचे मूळ त्या दोन शब्दांत होते. सवय कातडीला बोचणाऱ्या पट्ट्यांची होते, पण चुकीच्या मापाची होत नाही. मास्क पाहायचा तो आडवे पडून, यंत्र चालू करून, नेहमीच्या दाबावर. कारण आडवे झाल्यावर गालांचा आकार बदलतो आणि मास्कची मऊ कड हवा भरल्यावरच फुगून चेहऱ्यावर नीट बसते. गळती थांबवण्यासाठी पट्टे आवळले की ती कड चुरगळते आणि गळती वाढते. माझ्या नाकाच्या पुलावर व्रण उठला, वरून सुटणाऱ्या हवेने डोळे कोरडे पडले, आणि माझ्या घोरण्याने कधी जाग न आलेल्या माझ्या पतींना त्या हवेच्या शिट्टीने मात्र जाग येऊ लागली. "अगं, जुनंच बरं होतं," असे ते एकदा अर्धवट झोपेत म्हणाले.

मोठा मास्क सोडून नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या छोट्या उशांचा प्रकार घेतला आणि चित्र पालटले. चेहरा मोकळा राहिला, चष्मा लावून वाचता येऊ लागले, कुशीवर वळता आले. पण नाकातून हवा घ्यायची तर नाक उघडे हवे. माझे नाक एका बाजूने नेहमी चोंदलेले असे, त्यावर आधी खाऱ्या पाण्याचा फवारा आणि मग डॉक्टरांनी दिलेला स्प्रे सुरू केला. दाबाची कोरडी हवा नाकाला आणखी चोंदवते, म्हणून यंत्राबरोबर पाणी गरम करून हवा दमट करणारा ह्युमिडिफायर असतो. त्यात डिस्टिल्ड पाणी वापरायला सांगतात, कारण साध्या पाण्यातले क्षार तळाशी धरतात. दमटपणा वाढवला आणि खोली गार असली तर नळीत वाफ थंड होऊन थेंब जमतात आणि ते कधीतरी थेट नाकात येतात. पहाटे तीन वाजता याइतकी खडबडून जाग दुसऱ्या कशाने येत नाही. नळी पांघरुणाखालून घेणे हा त्यावरचा साधा उपाय, तापणारी नळी घेणे हा पक्का. याशिवाय काही रात्री हवा पोटात जाऊन सकाळी पोट फुगलेले असे. कमाल दाब थोडा खाली आणल्यावर तेही बरेच कमी झाले.

श्वास कोंडल्यासारखे वाटणे ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकली आहे आणि तिचे कारण अनेकदा अपेक्षेच्या उलट असते. दाब जास्त वाटतो म्हणून माणूस सुरुवातीचा दाब अगदी कमी, म्हणजे ४ वर ठेवतो. तेवढ्या दाबावर मास्कमध्ये पुरेशी हवा येत नाही असे पुष्कळांना वाटते आणि ते घाबरून मास्क ओढून काढतात. माझा सुरुवातीचा दाब डॉक्टरांनी ६ केला तेव्हा ही घुसमट गेली. बाहेर सोडताना विरोध जाणवत होता, त्यासाठी उच्छ्वासाच्या वेळी दाब किंचित उतरवण्याची सोय यंत्रात होती, ती सुरू केली. उरलेली धास्ती घालवायला संध्याकाळी जागेपणी मास्क लावून वाचत बसणे उपयोगी पडले. झोपायचेच आहे हे दडपण नसले की मेंदू त्या हवेला लवकर सरावतो. आरशात मात्र मी पुष्कळ दिवस पाहिले नाही. स्वतःच्या शयनगृहात रुग्णासारखे दिसण्याची खंत ही तांत्रिक अडचण नाही, आणि तिच्यावर कोणतेही बटण नाही.

यंत्र रोज रात्रीची नोंद ठेवते: किती तास वापरले, किती हवा गळली, किती प्रसंग उरले. मी ती डायरीत उतरवू लागले, कारण माझ्या आजाराबद्दल मला थेट कळण्याचा हाच एक मार्ग होता. त्यातही गळती आधी वाचावी. गळती फार असेल तर यंत्राने दाखवलेला एएचआय विश्वासार्ह राहत नाही. उरलेल्या प्रसंगांत काही वेळा घसा उघडा असताना मेंदूकडूनच आज्ञा न आल्यामुळे थांबलेले श्वास दिसतात. उपचाराच्या सुरुवातीला ते काहींमध्ये उद्भवतात आणि बहुधा काही आठवड्यांत कमी होतात. टिकून राहिले तर यंत्राचा प्रकार बदलावा लागतो. म्हणून नुसता आकडा पाहून स्वतः दाब वाढवण्याचा मोह टाळावा, कारण अशा प्रसंगांत दाब वाढवल्याने उलटा परिणाम होऊ शकतो.

वापराच्या तासांबद्दल माझे मत ठाम झाले आहे. रात्री चार तास, तीस दिवसांतल्या ७० टक्के रात्री, एवढा वापर म्हणजे नियमित वापर, हा मापदंड अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने यंत्राचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी ठेवला आणि तो जगभर आरोग्याच्या मापासारखा वापरला जातो. पण स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात असतो. अकराला मास्क लावून तीनला काढून ठेवणारा माणूस चार तासांची अट पूर्ण करतो आणि ज्या तासांत त्याचा आजार सर्वांत तीव्र असतो तेच तास मोकळे सोडतो. माझा स्वप्नांच्या झोपेतला ५८ हा आकडा पाहिल्यावर पहाटे मास्क काढून "थोडी मोकळी झोप" घेण्याची चैन मी बंद केली.

फायद्यांबद्दलही जेवढे आहे तेवढेच सांगावे. माझी सकाळची डोकेदुखी गेली, रात्रीचे उठणे जवळजवळ थांबले, उरलेला एएचआय ३ च्या आसपास असतो. रक्तदाब थोडा उतरला, गोळी सुटली नाही. थकवा मात्र हळूहळू आणि पूर्ण न जाता गेला. आकडे सुधारले त्या वेगाने मी सुधारले नाही, आणि काही वाईट दिवस अजूनही येतात. हृदयविकार टळतो का, या प्रश्नाचे उत्तर लोक समजतात तितके सरळ नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीत, ज्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार होता अशा २,७०० हून अधिक लोकांमध्ये सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाले नाहीत. मात्र झोप, मनःस्थिती आणि जगण्याचा दर्जा सुधारला. त्या चाचणीत यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता, त्यामुळे तिचा अर्थ कसा लावायचा यावर वाद आहे. ज्यांना यंत्र कसेही सोसत नाही त्यांना खालचा जबडा पुढे धरणारे दातांवरचे साधन, जिभेच्या मज्जातंतूला चेतना देणारे रोपण, आणि लठ्ठपणा असल्यास वजन उतरवणारी औषधे असे पर्याय आहेत. टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेच्या एफडीएने २०२४ च्या डिसेंबरात याच आजारासाठी मान्यता दिली. माझ्या वजनाला तो मार्ग लागू नाही. जबड्याच्या साधनाबद्दल मी विचारले होते. आकडा ३४ असताना पहिली पसंती यंत्रालाच, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले.

माझ्या धाकट्या बहिणीचा जबडा अगदी माझ्यासारखा आहे आणि तिचेही कपाळ सकाळी जड असते. तिने घरची चाचणी करून घेतली. आकडा ४ आला आणि "काही नाही" असा शेरा पडला. नोंदीत सात तास आहेत. त्यांतले निदान तीन आपण घड्याळाकडे पाहत काढले असे ती सांगते. शंका दाट असताना घरची चाचणी नकारात्मक आली तर प्रयोगशाळेतली करावी, असेच मार्गदर्शक सूचना सांगतात, म्हणून मी तिला दुसरी चिठ्ठी घ्यायला लावली आहे आणि अपुरे श्वास कोणत्या नियमाने मोजणार हे आधीच विचारून ठेवायला सांगितले आहे.